दात काढण्याआधी : दात दुरुस्त करणारे जैवसक्रिय साहित्य आणि इंदापूर-बारामतीतील आपला प्रश्न

दिवाळी झाली की इंदापूर आणि बारामती तालुक्यांतले रस्ते उसाच्या गाड्यांनी भरून जातात. बिजवडी, शहाजीनगर, भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर, जिकडे पाहावे तिकडे कारखान्यांचा गळीत हंगाम चालू असतो. बीड, अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांतून आलेली ऊसतोड कुटुंबे कोप्या घालून राहतात. या भागाचे अर्थकारण साखरेवर चालते, आणि त्या साखरेचा हिशेब माणसाच्या तोंडातही मांडला जातो. फक्त तो कोणी लिहून ठेवत नाही.

दाढ ठणकायला लागली की आपल्याकडे काय होते, हे सगळ्यांना माहीत आहे. आधी लवंगेचे तेल, मग मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी, मग गाल सुजतो आणि शेवटी "काढूनच टाका डॉक्टर, एकदाचा त्रास मिटू द्या" असे म्हणत माणूस खुर्चीत बसतो. दात वाचवायचा तर रूट कॅनॉल, वर कॅप, तीन-चार वेळा खेपा आणि हजारो रुपये. काढायचा तर एक खेप आणि थोडे पैसे. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसासाठी हा निर्णय वैद्यकीय राहतच नाही, तो मजुरीचा निर्णय होतो.

या लेखाचा विषय आहे या दोन टोकांच्या मधली जागा. गेल्या पन्नास-साठ वर्षांत दंतशास्त्राने एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध केली आहे. कीड लागणे ही एका दिवसात घडणारी घटना नाही. ती बरीच वर्षे चालणारी प्रक्रिया आहे आणि तिच्या पहिल्या टप्प्यावर ती मागे फिरवता येते. त्यासाठी असे साहित्य तयार झाले आहे, जे दातातला खड्डा नुसते बुजवत नाही, तर दाताशी रासायनिक देवाणघेवाण करते. त्याला जैवसक्रिय म्हणजे बायोॲक्टिव्ह साहित्य म्हणतात. त्यातले काही महाग आहे. पण काही इतके स्वस्त आणि सोपे आहे की ते प्रत्येक सरकारी रुग्णालयात असायला हवे. कोणते कशासाठी, हे कळले तर आपल्याला मागता येईल.

दात किडतो म्हणजे नेमके काय होते?

दाताच्या सगळ्यांत बाहेरच्या कवचाला इनॅमल म्हणतात. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिज असतो. कॅल्शियम आणि फॉस्फेट मिळून बनलेल्या या खनिजाचे नाव हायड्रॉक्सीॲपेटाइट. शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ. त्याच्या आत डेंटिन असते. त्यात खनिज सुमारे ७० टक्के, आणि बाकी कोलॅजेन नावाचे प्रथिन व पाणी. डेंटिनमध्ये असंख्य सूक्ष्म नळ्या असतात. सर्वांत आत पल्प असतो. त्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. आपण ज्याला दाताची 'नस' म्हणतो ती हीच.

आपल्या तोंडात जिवाणू असतातच. दातावर जमणाऱ्या चिकट थरात ते राहतात. आपण साखर खाल्ली की ते ती पचवून आम्ल तयार करतात. जिवाणू आणि आम्ल मिळून दात किडवतात, ही मांडणी डब्ल्यू. डी. मिलर यांनी १८९० मध्ये केली. त्याआधी जगात अनेक ठिकाणी दातात खरोखरची अळी असते असे लोक मानत. आजही काही गावांत धुरी देऊन दातातली 'कीड' काढून दाखवणारे लोक फिरतात. दाखवलेली अळी दातातून आलेली नसते. दातात अळी नसतेच.

आम्लता मोजण्यासाठी पीएच हे माप वापरतात. तोंडातले पीएच साधारण ५.५ च्या खाली गेले की इनॅमलमधले कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळून बाहेर पडू लागतात. साखर खाल्ल्यावर काही मिनिटांतच पीएच घसरते आणि पूर्वपदावर यायला अर्धा ते एक तास लागतो. रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात हे मोजून दाखवले. म्हणून दिवसभरात एकूण साखर किती खाल्ली यापेक्षा कितीदा खाल्ली, याला जास्त महत्त्व आहे. सकाळचा गोड चहा, दहा वाजता बिस्किटाचा पुडा, दुपारी पुन्हा चहा, मुलांच्या हातात दिवसभर चोखायची गोळी, असे चालले तर दाताला सावरायला उसंतच मिळत नाही.

हे ज्ञान कसे मिळाले, तेही आपण लक्षात ठेवले पाहिजे. स्वीडनमधील विपेहोल्म या संस्थेत बौद्धिक अपंगत्व असलेली माणसे ठेवली जात. १९४५ नंतरच्या वर्षांत तेथील चारशेहून अधिक माणसांवर प्रयोग झाले. त्यांतल्या काहींना मुद्दाम दाताला चिकटणाऱ्या टॉफी खाऊ घालून दात किडू दिले गेले. त्यांची संमती घेण्याचा प्रश्न कोणालाच पडला नव्हता. चिकट गोड पदार्थ जेवणांच्या मधे वारंवार खाल्ले की कीड वाढते, हे त्यातून सिद्ध झाले. ज्यांना 'नाही' म्हणता येत नव्हते त्यांच्या शरीरातून हे ज्ञान मिळाले. त्याचा फायदा मात्र आजही ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनाच आधी मिळतो.

गेलेले खनिज परत येते का?

येते, पण एका मर्यादेपर्यंत. आपल्या लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळलेले असतात. आम्लता कमी झाली की हे घटक पुन्हा इनॅमलमध्ये शिरतात. खनिज जाणे आणि परत येणे हे चक्र दिवसभर चालू असते. जाणारे जास्त आणि येणारे कमी झाले की आधी दातावर खडूसारखा पांढरा डाग दिसतो. पृष्ठभाग अजून अखंड असतो. हीच ती वेळ, जेव्हा ड्रिल न लावता दात वाचवता येतो. मुलांच्या वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीलगत असे डाग दिसले तर पालकांनी थांबू नये.

एकदा पृष्ठभाग फुटून खड्डा पडला की तो आपोआप भरत नाही. कारण इनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येण्याच्या सुमारास नष्ट होतात. हाड मोडले तर जुळते, कातडी फाटली तर भरते, पण इनॅमल पुन्हा तयार होत नाही. डेंटिनचे तसे नाही. ते बनवणाऱ्या पेशी पल्पच्या कडेला जिवंत असतात आणि योग्य परिस्थिती मिळाली तर नवे डेंटिन तयार करतात. पुढे सांगितलेल्या साहित्याचा सगळा आधार या दोन गोष्टींवर आहे.

पहिला आधार : फ्लोराइड

फ्लोराइड थोड्या प्रमाणात लाळेत असेल तर परत येणारे खनिज अधिक मजबूत बनते. हायड्रॉक्सीॲपेटाइटच्या जागी फ्लोरॲपेटाइट तयार होते, आणि ते विरघळायला पीएच साधारण ४.५ पर्यंत खाली जावे लागते. कीड रोखण्याबाबत इतका भक्कम पुरावा दुसऱ्या कोणत्याही घटकाच्या मागे नाही. नव्या साहित्याबद्दल वाचताना हे विसरू नये.

भारतात टूथपेस्टमध्ये फ्लोराइडची मर्यादा १००० पीपीएम आहे, आणि फ्लोराइड असेल तर त्याचे प्रमाण वेष्टनावर छापणे नियमाने बंधनकारक आहे. पेस्ट घेताना ते वाचावे. तीन वर्षांखालील मुलांसाठी तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांसाठी वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. घासून झाल्यावर थुंकावे, पण खळखळून चूळ भरू नये. नाहीतर लावलेले फ्लोराइड धुऊन जाते. रात्री झोपताना घासणे सर्वांत महत्त्वाचे, कारण झोपेत लाळ कमी सुटते.

फ्लोराइड पोटात जास्त गेले तर दात आणि हाडे बिघडतात. यवतमाळ, नांदेड, चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांत पाण्यातल्या फ्लोराइडमुळे फ्लोरोसिसचा त्रास आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड एका लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा पर्याय नसेल तेव्हा १.५ पर्यंत चालते. एखादी वस्ती बोअरच्या पाण्यावर अवलंबून असेल, तर ग्रामपंचायतीमार्फत ते पाणी तपासून घ्यावे.

राखुंडी आणि मिश्रीबद्दलही इथेच बोलले पाहिजे. राखुंडी आणि खरबरीत मंजने इनॅमल घासून काढतात. मिश्री तर भाजलेला तंबाखूच आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संशोधकांनी पुणे जिल्ह्यातील एक लाखाहून अधिक गावकऱ्यांचे तोंड तपासले. त्याचे निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. स्त्रियांमध्ये मिश्रीचे प्रमाण मोठे असल्याचे त्यांना दिसले. केंद्र सरकारने १९९२ मध्ये टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरण्यावर बंदी घातली, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीला ती बंदी कशी लागू होणार? तिथे आई-आजीशी बसून बोलावे लागते.

काच, दूध आणि कृत्रिम खनिज

आता खऱ्या अर्थाने जैवसक्रिय म्हटल्या जाणाऱ्या साहित्याकडे येऊ.

१९६७ साली अमेरिकेत लॅरी हेंच नावाचे संशोधक बसने एका परिषदेला निघाले होते. शेजारी व्हिएतनाम युद्धातून परतलेला एक लष्करी अधिकारी बसला होता. जखमी सैनिकांच्या शरीरात धातू आणि प्लास्टिक बसवले तर शरीर ते स्वीकारत नाही, शरीर स्वीकारेल असे काही तुम्ही बनवू शकाल का, असे त्याने विचारले. हेंच काचेवर काम करत होते. त्यांनी १९६९ मध्ये सिलिका, कॅल्शियम, सोडियम आणि फॉस्फरस यांची एक काच बनवली आणि ती हाडाला घट्ट चिकटली. तिला ४५एस५ बायोग्लास म्हणतात, कारण तिच्यात वजनाने ४५ टक्के सिलिका आहे. खिडकीची काच पाण्यात तशीच राहते. ही काच मात्र शरीरातल्या द्रवात हळूहळू विरघळते, कॅल्शियम व फॉस्फेट सोडते, आणि तिच्या पृष्ठभागावर हाडातल्या खनिजासारखाच थर जमतो.

याच काचेची बारीक भुकटी पुढे टूथपेस्टमध्ये आली. वेष्टनावर 'कॅल्शियम सोडियम फॉस्फोसिलिकेट' असे नाव दिसले तर ती हीच. तोंडात गेल्यावर ती कॅल्शियम आणि फॉस्फेट सोडते, आसपासचे पीएच वाढवते आणि डेंटिनच्या उघड्या नळ्यांची तोंडे बंद करते. थंड पाणी प्यायले की दातात कळ येते, त्या त्रासावर तिचा उपयोग चांगला दिसून आला आहे. कीड रोखण्यात मात्र ती फ्लोराइडपेक्षा सरस आहे, असे म्हणण्याइतका पुरावा नाही.

दुसरे साहित्य दुधातून आले. इंदापूर-बारामती हा दुधाचा पट्टा, त्यामुळे हे आपल्याला लगेच समजेल. दुधात कॅल्शियम इतके असूनही ते तळाशी का बसत नाही? कारण केसीन हे प्रथिन त्याला धरून ठेवते. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठाचे एरिक रेनॉल्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केसीनचा तो तुकडा वेगळा काढला. तो कॅल्शियम-फॉस्फेटला विरघळलेल्या अवस्थेत दातापर्यंत नेतो. सीपीपी-एसीपी या नावाने ही मलई दातांच्या दवाखान्यात मिळते. पांढऱ्या डागांवर ती वापरतात. ज्यांना दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी आहे त्यांनी ती वापरू नये.

तिसरे म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेले, अतिसूक्ष्म कणांचे हायड्रॉक्सीॲपेटाइट. दात ज्या खनिजाचा बनला आहे तेच खनिज पेस्टमधून द्यायचे, ही कल्पना जपानमध्ये रुजली. तिथे अशी पेस्ट १९८० मध्ये बाजारात आली आणि १९९३ मध्ये सरकारने तिला कीड रोखणारा घटक म्हणून मान्यता दिली. लहान मुले पेस्ट गिळतात, ही काळजी असणाऱ्या पालकांना तिचे आकर्षण वाटते. पण ती महाग आहे. घरात पैसे मोजून खर्च करायचे असतील तर साधी फ्लोराइड पेस्ट पुरेशी आहे.

खड्डा पडल्यावर : वीज नसली तरी चालणारे उपचार

वरचे सगळे खड्डा पडण्याआधीचे. आपल्या वस्त्यांतला मोठा प्रश्न खड्डा पडल्यानंतरचा आहे. येथे दोन साहित्ये फार मोलाची आहेत.

पहिले, ग्लास आयोनोमर सिमेंट. लंडनच्या सरकारी रसायन प्रयोगशाळेत ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी ते तयार केले आणि १९७२ मध्ये जगापुढे मांडले. काचेची भुकटी आणि एक सौम्य आम्ल यांचे हे मिश्रण काही मिनिटांत घट्ट होते. ते दातातल्या कॅल्शियमशी रासायनिक बंध तयार करते, त्यामुळे दात फार कोरावा लागत नाही. शिवाय ते फ्लोराइड सोडत राहते आणि पेस्टमधले फ्लोराइड परत शोषूनही घेते. मोठ्या दाढेत, जिथे चावण्याचा जोर जास्त, तिथे ते झिजते. पण छोट्या खड्ड्यांसाठी आणि दुधाच्या दातांसाठी ते उत्तम आहे.

या सिमेंटमुळे एक नवी पद्धत शक्य झाली. १९८० च्या दशकात टांझानियात यो फ्रेंकन यांनी वीज, ड्रिल आणि भुलेचे इंजेक्शन नसताना, फक्त हातातल्या अवजाराने मऊ झालेला किडका भाग खरवडून काढून त्यात सिमेंट भरायला सुरुवात केली. या पद्धतीला एआरटी म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ च्या जागतिक आरोग्य दिनी तिचा पुरस्कार केला. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या वर्गात, दोन बाकडी जोडून, प्रशिक्षित दंतवैद्य हा उपचार करू शकतो.

दुसरे, सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड. १९६० च्या दशकात जपानमध्ये विकसित झालेला हा द्रव आहे. ३८ टक्के तीव्रतेच्या या द्रवाचा एक थेंब लहान ब्रशने किडीवर लावायचा. चांदी जिवाणूंना मारते, फ्लोराइड उरलेल्या दाताला घट्ट करते, आणि कीड तिथेच थांबते. ड्रिल नाही, सुई नाही, रडारड नाही. सहसा दर सहा महिन्यांनी पुन्हा लावतात. एक तोटा आहे : किडलेला भाग कायमचा काळा होतो. मागच्या दुधाच्या दाढेला त्याने काही बिघडत नाही. पुढच्या दातावर मात्र पालकांना आधी सांगून, त्यांची परवानगी घेऊनच लावले पाहिजे. गरिबाचे मूल आहे, दिसण्याचे काय, असा विचार करणारा डॉक्टर भेटला तर त्याला तिथेच थांबवावे. ज्या दाताची नस आधीच सुजली आहे, रात्री आपोआप ठणकतो, त्यावर हा उपाय चालत नाही.

२०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आवश्यक औषधांच्या यादीत फ्लोराइड पेस्ट, ग्लास आयोनोमर सिमेंट आणि सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड या तिन्हींचा समावेश केला. म्हणजे हे उपचार चैनीचे नाहीत, प्रत्येक आरोग्य व्यवस्थेत ते असायलाच हवेत, असे जगातील सर्वोच्च आरोग्य संस्था म्हणते. कार्यकर्त्यांनी हे वाक्य पाठ करून ठेवावे.

एक नोंद 'चांदी भरणे' या जुन्या उपचाराची. त्या मिश्रणात साधारण निम्मा पारा असतो. पारा पर्यावरणात जाऊ नये म्हणून २०१३ च्या मिनामाता करारानुसार जग त्याचा वापर कमी करत आहे, आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून काही वैद्यकीय अपवाद सोडून त्यावर बंदी घातली. म्हणूनही पर्यायी साहित्य सरकारी रुग्णालयांत यायला हवे. कोणाच्या दातात जुनी चांदी असेल तर घाबरून ती उकरून काढू नये.

नसेपर्यंत कीड गेली तर?

इथे येते सिमेंटच. अगदी घर बांधायच्या सिमेंटचा भाऊबंद. अमेरिकेतील लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांनी १९९३ च्या सुमारास एमटीए नावाचे साहित्य पुढे आणले. त्याचा मुख्य घटक ट्रायकॅल्शियम सिलिकेट. बांधकामाच्या पोर्टलँड सिमेंटमध्येही हाच मुख्य घटक असतो. फरक असा की दातासाठीचे सिमेंट शुद्ध करून, विषारी धातू टाळून बनवलेले असते. बांधकामाचे सिमेंट दातात कधीही घालू नये, हे सांगायची गरज नसावी.

बिगारी काम केलेल्याला माहीत असते की सिमेंट पाण्यानेच घट्ट होते, कोरडे राहिले तर होत नाही. एमटीएचेही तसेच. त्यामुळे दातासारख्या ओल्या जागी ते व्यवस्थित बसते. घट्ट होताना ते कॅल्शियम हायड्रॉक्साइड सोडते, त्यामुळे जिवाणू मरतात आणि पल्पमधल्या पेशींना संदेश मिळतो. त्या पेशी सिमेंटखाली नव्या डेंटिनचा थर तयार करतात. दात जिवंत राहतो. एमटीए घट्ट व्हायला काही तास लागतात. नंतर आलेली काही साहित्ये दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होतात. दहा-बारा वर्षांच्या मुलाची दाढ, जिचे मूळ अजून पूर्ण वाढलेले नाही, तिच्यासाठी हा उपचार फार मोलाचा आहे, कारण नस जिवंत राहिली तरच मूळ वाढते.

हे साहित्य महाग आहे आणि ते वापरायला कौशल्य लागते. पण 'नस उघडी पडली, आता दात काढा किंवा रूट कॅनॉल करा' एवढेच दोन पर्याय राहिलेले नाहीत. "माझ्या मुलाच्या दाताची नस वाचवता येईल का?" हा प्रश्न प्रत्येक पालकाने विचारावा.

जाहिरातीवर किती विश्वास ठेवायचा?

'बायोॲक्टिव्ह' हा शब्द आता बाजारात सैल वापरला जातो. कोणतेही भरण विकताना तो चिकटवला जातो. म्हणून एकच कसोटी लावावी : हे साहित्य दाताला काय देते, कॅल्शियम, फॉस्फेट की फ्लोराइड, आणि त्याने माणसांमध्ये कीड थांबल्याचे दिसले आहे का?

संशोधन चालू आहे आणि ते आशादायक आहे. २०१७ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी एका औषधाने उंदरांच्या दातात डेंटिन वाढवून दाखवले. २०१९ मध्ये चीनमधील झेजियांग विद्यापीठाच्या संशोधकांनी इनॅमलवर इनॅमलसारखाच थर वाढवला. तो थर सुमारे अडीच मायक्रोमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या पंचवीसाव्या-तिसाव्या भागाएवढा होता. यातले काहीही आज इंदापूरच्या किंवा पुण्याच्या दवाखान्यात मिळत नाही. त्यामुळे 'घरच्या घरी दाताचा खड्डा भरा', 'आठ दिवसांत नवे इनॅमल' असे व्हिडिओ पुढे पाठवू नका. ऐकीव गोष्ट तपासून घ्यायची सवय आपल्याला बुद्धांच्या शिकवणीतूनच मिळाली आहे.

तोंडाच्या स्वच्छतेचेही तसेच आहे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात दंतकाष्ठाचा प्रसंग येतो. भिक्खू दातून करत नसत, त्यांच्या तोंडाला वास येई. तेव्हा दातून न करण्याचे पाच तोटे आणि करण्याचे पाच फायदे सांगून बुद्धांनी त्याची अनुज्ञा दिली, आणि दातून किती लांब असावे याची मर्यादाही घातली. दात घासण्यासारख्या साध्या गोष्टीत कारण आणि परिणाम समजावून सांगण्याची ही रीत आजच्या कार्यकर्त्याने उचलावी.

आपण काय करू शकतो?

२०२२ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार जगातील सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचे आजार आहेत, आणि त्यांतील बहुसंख्य मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. आपल्याकडे योजना नाहीत असे नाही. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडी आणि शाळांत तपासणीला येतात आणि त्या तपासणीत दातही आहेत. राज्य सरकारने २०२३ मध्ये सचिन तेंडुलकर यांना घेऊन 'स्वच्छ मुख अभियान' सुरू केले. प्रश्न आहे तो तपासणीनंतर काय होते हा.

म्हणून पहिले काम माहिती मिळवण्याचे. इंदापूर आणि बारामतीच्या सरकारी रुग्णालयांत माहितीच्या अधिकारात चार प्रश्न विचारता येतील. दंतशल्यचिकित्सकाची पदे किती आणि भरलेली किती? दंत खुर्ची आणि एक्स-रे यंत्र चालू आहे का? ग्लास आयोनोमर सिमेंट आणि सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड गेल्या वर्षात किती खरेदी झाले? आणि सर्वांत महत्त्वाचा : गेल्या वर्षात किती दात काढले आणि किती भरले? या शेवटच्या दोन आकड्यांतून रुग्णालय दात वाचवते की फक्त काढते, हे स्पष्ट दिसेल. उत्तर मिळाल्यावर ते रुग्ण कल्याण समितीसमोर मांडावे.

दुसरे काम शिबिरांचे. आपल्याकडे १४ एप्रिलला आरोग्य शिबिरे होतात. दात पाहिले जातात, पेस्टची छोटी ट्यूब मिळते, फोटो निघतो आणि किडलेल्या दातांची यादी तशीच राहते. यंदा नोंदणीकृत दंतवैद्यांना आधीच विनंती करून त्याच दिवशी सिमेंट भरण्याची आणि सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड लावण्याची सोय करता येईल. ते सहा महिन्यांनी पुन्हा लावायचे असते. १४ एप्रिलपासून सहा महिने मोजले की १४ ऑक्टोबर येतो, धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस. म्हणजे पाठपुराव्याची तारीख लक्षात ठेवायला वेगळी वही लागणार नाही. प्रत्येक मुलाचे एक कार्ड करावे आणि विहारात ठेवावे.

तिसरे काम ऊसतोड कामगारांच्या मुलांचे. ही मुले एप्रिलमध्ये इथे नसतात आणि गावी तपासणी होते तेव्हा बऱ्याचदा फडात असतात. दोन्हीकडच्या याद्यांतून ती सुटतात. त्यांच्यासाठी हंगामाच्या सुरुवातीला, २६ नोव्हेंबरच्या संविधान दिनाच्या सुमारास, थेट कारखान्याच्या तळावर शिबिर घेता येईल. वीज नसली तरी एआरटी चालते हे आपण पाहिलेच. केलेल्या उपचाराचे कार्ड त्यांच्या हाती द्यावे, म्हणजे गावी गेल्यावर पुढचा डॉक्टर ते पाहील. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाकडे आणि कारखान्यांकडे या खर्चाची लेखी मागणी करावी. साखरेवर उभ्या असलेल्या उद्योगाने साखरेने किडलेल्या दातांसाठी थोडी तरतूद करणे, ही भीक नव्हे.

आणि घरातले काम प्रत्येकाचे स्वतःचे. गोड खायचे तर जेवणासोबत, मधल्या वेळी नको. रात्री फ्लोराइड पेस्टने घासणे. मुलाचे ओठ महिन्यातून एकदा वर उचलून पांढरा डाग पाहणे. पांढरा डाग असताना दवाखान्यात गेलो तर खर्च एका पेस्टचा, खड्डा झाल्यावर गेलो तर सिमेंटचा, ठणका लागल्यावर गेलो तर हजारोंचा किंवा दाताचा. वर सांगितलेल्या सगळ्या साहित्याचा उपयोग किती होईल, हे आपण कोणत्या टप्प्यावर पोहोचतो यावर ठरते.